सरकारची गाडी, उतारूंची गाडी

१९४८ सालीं जून महिन्याच्या पहिल्या तारखेस अहमदनगर ते पुणें ह्या रस्त्यावर मुंबई सरकारची पहिली प्रवासी मोटार धांवली. त्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, आणि त्या मोटारीच्या वंशजांस सारा महाराष्ट्र ‘एस. टी.’ ह्या दोन अक्षरांनीं ओळखतो.

त्यापूर्वीं खेड्यांतला उतारू ‘सर्व्हिस मोटारी’च्या मालकाच्या मर्जीवर असे. गाडी भरल्याखेरीज सुटावयाची नाहीं, आणि भरल्यावरहि आणखी चार माणसें कोंबल्याखेरीज सुटावयाची नाहीं, असा तो कारभार. महायुद्धांत पेट्रोलची टंचाई पडली तेव्हां कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या गाड्या धापा टाकीत घाट चढत. मालक वाईट होते असें नव्हे. जेथें उतारू मिळतील तेथेंच ते गाडी नेत, इतकेंच. जेथें उतारू थोडे तेथें गाडी नाहीं, आणि गाडी नाहीं म्हणून उतारूहि थोडे, ही कोंडी फोडणें धंद्याच्या हिशेबांत बसत नव्हतें. सरकारनें ही वाहतूक हातीं घेतली त्यांत उतारूंची सोय हा एक हेतु होता. दळणवळणाचें साधन राज्याच्या हातीं असावें हा दुसरा.

ह्या दोन हेतूंची गांठ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानें घातली. त्याच्या १८ व्या कलमानें महामंडळावर कर्तव्य टाकलें तें कार्यक्षम, पुरेशा, काटकसरीच्या आणि सुसूत्र वाहतुकीचें. २२ वें कलम सांगतें कीं, कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. ३४ व्या कलमानें राज्य सरकारास आज्ञा देण्याचा अधिकार दिला. नफा झालाच, तर तो उतारूंच्या सोयी, कामगारांचें हित आणि वाढता पसारा यांवर खर्च करून उरलेली रक्कम रस्त्यांसाठीं सरकारकडे द्यावी, अशीहि तरतूद आहे. कायदा करणारांस नफ्याची किती खात्री वाटत होती, हें यावरून दिसतें. परंतु पुरेशी वाहतूक आणि व्यापारी तत्त्व यांचें वांकडें आलें तर काय करावें, याचा उलगडा त्या कलमांत नाहीं.

तें वांकडें येतें कोठें, तर मुक्कामाच्या गाडीपाशीं. तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी रात्रीं आडगांवीं पोंचते. ड्रायव्हर आणि कंडक्टर देवळांत, चावडींत किंवा गाडींतच पथारी पसरतात. पहांटे तीच गाडी शाळेची पोरें, दवाखान्यास निघालेला म्हातारा, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी आणि भाजीचीं गाठोडीं घेऊन परत फिरते. डिझेल, भत्ता आणि मिळालेलें भाडें यांचा मेळ घातला तर ही फेरी बहुधा तोट्याची. ती बंद करावी असें २२ वें कलम सांगतें. पण ती बंद झाली कीं आठवीनंतर मुलींची शाळा सुटते. शहरांत दर थोड्या मिनिटांनीं आगगाडी मिळते, तेथल्या माणसास एका फेरीचें हें मोल सहसा उमगत नाहीं.

संयुक्त राज्य विभागलें गेल्यावर १९६१ सालीं महाराष्ट्राचें स्वतंत्र महामंडळ स्थापन झालें. सरकारच्या कामाचा लाभ उतारूंस झाल्याचीं उदाहरणेंहि आहेत. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठीं ज्या गाड्या दिल्लीस पाठविल्या, त्यांतूनच पुढें ‘एशियाड’ ही निमआराम सेवा निघाली, आणि मुंबई-पुणें प्रवास करणाऱ्या मध्यमवर्गाच्या जिभेवर तें नांव कायमचें बसलें. उलट बाजूहि आहे. १९५८ च्या कायद्यानें उतारूच्या भाड्यावर कर बसला, आणि सरकारसाठीं तो वसूल करावयाचें काम महामंडळाच्या गळ्यांत पडलें. म्हणजे एका हातानें सवलत जाहीर करावयाची आणि दुसऱ्या हातानें त्याच तिकिटावर कर घ्यावयाचा, असा हा व्यवहार.

ह्याचा ताण अखेर कामगारांच्या पगारावर आला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. महामंडळ सरकारांत विलीन करावें, ही त्यांतली मुख्य मागणी. उच्च न्यायालयाच्या आदेशानें नेमलेल्या समितीनें ती शक्य नसल्याचा अभिप्राय दिला. कामगारांचा युक्तिवाद मात्र साधा होता: काम सरकारचें, तर पगारहि सरकारी कां नसावा? विलीनीकरण हें त्याचें योग्य उत्तर होतें असें नाहीं. पण उद्दिष्ट सरकारनें ठरवावें आणि तोटा महामंडळाच्या वहींत मांडून वर त्यालाच नालायक ठरवावें, ह्या रीतीस न्याय म्हणतां येत नाहीं.

संपानंतर सरकारनें सवलती वाढविल्या. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरील वृद्धांस प्रवास मोफत झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें भाडें. बाजारास, माहेरास, दवाखान्यास निघालेल्या बायकांनीं गाड्या भरूं लागल्या. कंडक्टरच्या यंत्रांतून निघणाऱ्या अशा प्रत्येक तिकिटाचें निम्मे भाडें ती बाई रोख देते. उरलेलें निम्मे सरकारच्या नांवें मांडलें जातें, आणि तें केव्हां येईल यावर डेपोंतल्या पगाराची तारीख अवलंबून राहते.