बीएमएक्ससाठी योग्य गिअर रेशो कसा निवडायचा?

गिअरच्या सायकलवर चढ आला की आपण गिअर हलका करतो आणि उतारावर जड करतो. बीएमएक्सवर ही सोय नाही. पुढे एक चेनव्हील, मागे एक फ्रीव्हील, एवढाच कारभार. गेटवरून सुटताना, सरळ पट्ट्यावर वेग घेताना आणि उडीआधी शेवटची दोन पॅडल मारताना तोच एक गिअर वापरावा लागतो. त्यामुळे तो विचार करून निवडलेला बरा. चुकीचा गिअर बसला तर पाय नाहीतर पैसा, यापैकी काहीतरी वाया जातंच.

## गिअर रेशो म्हणजे काय?

पुढच्या चेनव्हीलच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागलं की रेशो मिळतो. पुढे ४४ आणि मागे १६ दाते असतील, तर ४४ ÷ १६ = २.७५. म्हणजे पॅडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचं चाक पावणेतीन फेरे फिरतं.

रेशो मोठा असेल तर गिअर जड. सुरुवातीला जोर जास्त लागतो, पण वेग आल्यावर प्रत्येक पॅडलमागे अंतर जास्त कापलं जातं. रेशो लहान असेल तर गिअर हलका. सायकल झटकन सुटते, पण लवकरच पाय नुसते भराभर फिरायला लागतात आणि वेग काही वाढत नाही.

रेशोला चाकाच्या व्यासाने (२० इंच) गुणलं की 'गिअर इंच' मिळतात. सायकलींची तुलना करताना हा आकडा सोयीचा पडतो:

- ३६/१६ : रेशो २.२५, गिअर इंच ४५
- ४४/१६ : रेशो २.७५, गिअर इंच ५५
- २५/९ : रेशो २.७८, गिअर इंच ५५.६
- ४४/१५ : रेशो २.९३, गिअर इंच ५८.७
- २८/९ : रेशो ३.११, गिअर इंच ६२.२

प्रत्यक्षात टायरची जाडीही हिशेबात येते. १.७५ इंची टायरवर ४४/१६ ला पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ४.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला १०० फेरे मारले तर वेग ताशी २६ किलोमीटरच्या आसपास येतो. टायर २.४ इंची घातला तर त्याच दात्यांवर एका फेऱ्यात साधारण ४.५ मीटर अंतर जातं. म्हणजे दाते न बदलताही गिअर थोडा जड झाला.

## ४४/१६ आणि २५/९ एकच का नाही?

दोन्हींचा रेशो जवळपास सारखा आहे, पण वागणूक वेगळी.

स्ट्रीट आणि पार्कवर खेळणारे लहान चेनव्हील घेतात, कारण ते कठड्यावर किंवा रेलिंगवर आपटत नाही आणि वजनही वाचतं. पण त्याची किंमत चेनला मोजावी लागते. पायाचा जोर तेवढाच ठेवला तरी २५ दात्यांच्या चेनव्हीलवर चेनला बसणारा ताण ४४ च्या तुलनेत पावणेदोन पट असतो. मागे तो ताण मोजक्या दात्यांवर येतो, त्यामुळे ते लवकर झिजतात.

रेसवाल्यांना मोठी जोडी का आवडते, त्याचं कारण बारीक फेरबदल हे आहे. ४४ चं ४५ केलं तर गिअर फक्त २.३ टक्क्यांनी जड होतो. २५ चं २६ केलं तर तोच फरक ४ टक्के. मागचा एक दाता तर फारच मोठी उडी मारतो: १६ चं १५ केलं तर जवळपास ७ टक्के जड, आणि ९ चं १० केलं तर १० टक्के हलकं. म्हणून लक्षात ठेवायचा नियम असा: मोठा बदल हवा तर मागे, बारीक बदल हवा तर पुढे.

## कोणी काय घ्यावं?

रेसिंग : २००८ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या या प्रकारात पहिल्या उडीपर्यंत पुढे कोण पोहोचतं याला फार महत्त्व आहे. नवशिक्याने ४४/१६ पासून सुरुवात करावी. वरच्या पातळीवरचे ताकदवान स्वार याहून जड गिअर लावतात, पण त्यांचे पायही तेवढे तयार असतात.

पार्क आणि स्ट्रीट : २५/९ सगळीकडे चालतं. मोठ्या उड्यांसाठी लांब धाव घ्यायची असेल तर २८/९ बघा.

लहान मुलं : इथे हलकाच गिअर हवा. जड गिअरवर मूल उभं राहून, अंग वाकडंतिकडं करून पॅडल दाबतं. गुडघ्यावर ताण येतो आणि पाय भराभर फिरवायची सवयच लागत नाही. 'मोठा झाल्यावर उपयोगी पडेल' म्हणून आत्ताच जड गिअर घेऊ नका.

## तुमचा गिअर बरोबर आहे का?

सपाट जागेवर ३० मीटर अंतर आखा. थांबलेल्या सायकलवरून सुटा आणि मित्राला मोबाइलवर वेळ मोजायला सांगा. दमल्यावर नव्हे, मध्ये नीट विश्रांती घेऊन तीन वेळा करा.

पहिली दोन-तीन पॅडल अडकल्यासारखी जात असतील तर गिअर जड आहे. अंतर संपण्याच्या बरंच आधी पाय नुसते गरगरू लागले तर हलका आहे. मग एका वेळी पुढचा एकच दाता बदला आणि पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंचे दाते एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे कळणारच नाही.

## खरेदीआधी हे तपासा

- हब : आटे असलेल्या नेहमीच्या हबवर बसणारी फ्रीव्हील साधारणपणे १६ दात्यांच्या खाली नसतात. ९ दात्यांसाठी कॅसेट हबच लागतो. नुसतं २५ चं चेनव्हील आणून मागे १६ ठेवलं तर रेशो १.५६ होईल आणि सायकल पळणारच नाही.
- जाडी : चेन, चेनव्हील आणि मागचे दाते एकाच जाडीसाठी बनवलेले हवेत.
- चेनची लांबी : एक दाता वाढवला की मागचं चाक साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकवावं लागतं. खाचेत तेवढी जागा आहे का आणि टायर फ्रेमला घासत नाही ना, हे बघा. चाक सरकवल्यावर ब्रेक रबर रिमवरच बसतात ना, तेही तपासा.

थोडक्यात, दुसऱ्याच्या सायकलवरचा आकडा उतरवून घेऊ नका. ४४/१६ किंवा २५/९ ला सुरुवात करा, महिनाभर चालवा, आणि मग घड्याळ व गुडघे काय सांगतात त्यावर पुढचा दाता ठरवा.