फ्रंटालिस
लॅटिनमध्ये ‘फ्रोन्स’ म्हणजे कपाळ. त्यावरून ‘फ्रंटालिस’, म्हणजे कपाळाचा. (आपली ‘फ्रंट सीट’सुद्धा याच घराण्यातली.) शरीरशास्त्रात हे भुवया वर उचलणाऱ्या स्नायूचं नाव. गंमत म्हणजे हा स्नायू हाडाला चिकटलेलाच नसतो. तो कातडी ओढतो, म्हणून नवल वाटलं की कपाळावर आडव्या आठ्या उमटतात.

सह्याद्रीच्या रानात एक चिमुकला पक्षी डोकं खाली करून खोडावरून सरसर उतरतो. लाल चोच, जांभळट निळी पाठ. त्याचं शास्त्रीय नाव सिट्टा फ्रंटालिस. विल्यम स्वेन्सनने १८२० मध्ये त्याचं बारसं केलं. नाव शोभतं ते चोचीच्या वर, कपाळावर असलेल्या मखमली काळ्या डागामुळे. पण मला विचाराल तर नजरेत आधी भरते ती निळाईच.