यकृत-प्रत्यारोपणातील जुळणी : रक्तगट, नाते आणि क्रम

कोल्हापुरात मेंदूमृत झालेल्या व्यक्तीच्या कुटुंबास यकृतदानास संमती देण्याचा अधिकार आहे. ग्रहीता निवडण्याचा नाही. ही व्यवस्था कशी घडत गेली हे पाहावयाचे, तर रक्तगटांच्या शोधापासून आरंभ करणे इष्ट ठरते.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. पुढे ‘ओ’ गटाचा दाता सर्वांस चालतो, अशी समजूत रूढ झाली. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये वर्णिलेल्या व्यक्ती नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाच्या भासत. तथापि त्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नसे. ‘बॉम्बे’ गटाच्या या शोधाने त्या समजुतीची मर्यादा उघड केली.

थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हर येथे मानवी यकृताच्या प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. यश १९६७ साली लाभले. मूत्रपिंडाच्या बाबतीत ऊतींच्या जुळणीस जे महत्त्व आहे, तेवढे यकृताच्या बाबतीत आढळले नाही. रक्तगट व अवयवाचे आकारमान अनुरूप असणे, या दोन कसोट्या प्रमुख ठरल्या. जुळणी अशी तुलनेने सुलभ झाल्यामुळेच दुसरा प्रश्न तीव्र झाला : यकृत एक आणि अनुरूप रुग्ण अनेक असता ते कोणास द्यावे?

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला व ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात अंमलात आला. त्याने मेंदूमृत्यूस मान्यता दिली. जिवंत दात्यासाठी पती-पत्नी, आईवडील, मुले व भावंडे हे निकटचे नाते सांगितले. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजीआजोबा व नातवंडे यांची भर पडली. मृत दात्याच्या अवयवासाठी मात्र प्रतीक्षायादी हाच मार्ग राहिला. कोल्हापूर जिल्हा पुणे येथील विभागीय समन्वय केंद्राच्या क्षेत्रात येतो. शीत अवस्थेत यकृत सुमारे बारा तासच टिकते. म्हणून वाटपात अंतरासही स्थान द्यावे लागते. विभागरचनेमागे शरीरधर्माचे हे बंधन आहे.

सारांश, जिवंत दात्याच्या बाबतीत नाते हा दानाचा आधार होय, तर मृत दात्याच्या बाबतीत नाते बाजूस ठेवणे ही न्यायाची अट होय. अनोळखी रुग्णासाठी शोकाच्या घटकेस संमती देणारे कुटुंब त्या यादीवर विश्वास टाकीत असते. तो विश्वास ढळल्यास दाताच उरणार नाही, मग रक्तगट जुळवून पाहण्याचा प्रश्नही उद्भवणार नाही.