संगमेश्वरचे कैदी व गाळलेले शब्द

शके १६१०, माघ वद्य ७, शुक्रवारीं (ता. १ फेब्रुवारी १६८९) छत्रपति संभाजी महाराज व कवि कलश हे संगमेश्वरीं शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान याच्या हातीं सांपडले, हें जेधे शकावलीवरून सर्वश्रुत आहे. पुढें बादशाही छावणींत या कैद्यांनीं कोणते शब्द उच्चारले, याचा येथें थोडा विचार करूं.

खाफीखान सांगतो कीं, कैदी समोर येतांच औरंगजेब तख्तावरून उतरून ईश्वराचे आभार मानूं लागला. तें पाहून जखडलेल्या कवि कलशानें, राजा, तुला पाहून बादशहासहि आसनावर बसवेना, अशा आशयाचें कवन तत्काळ म्हटलें. नंतर उभयतांनीं बादशहाच्या सेवकांदेखत कठोर भाषण केलें, म्हणून प्रथम जिभा छाटण्याचा व मग डोळे काढण्याचा हुकूम झाला. मासिर-इ-आलमगिरीचा क्रम निराळा आहे: महाराजांचे डोळे आधीं, कलशाची जीभ दुसऱ्या दिवशीं. तपशिलांत भेद असला तरी जिभेस शिक्षा झाली याविषयीं दोहोंचें एकमत आहे. आणि ते कठोर शब्द मात्र दोन्हीं ठिकाणीं नाहींत.

याचा उलगडा जदुनाथ सरकारांनीं दिलेल्या वृत्तांतावरून होतो. खजिना व फितूर सरदार यांची चौकशी करण्यास गेलेल्या रुहुल्लाखानानें महाराजांचें उत्तर ऐकलें, पण तें जसेंच्या तसें धन्यापुढें बोलण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं. त्यानें केवळ रोख सुचविला. म्हणजे ज्या शब्दांनीं बादशहा दुखावला, ते त्यानें पुरते ऐकलेहि नव्हते! जेथें बोलण्याची भीति, तेथें पुरावा मुळांतच खुडला जातो, व रिकाम्या जागीं पुढील पिढ्या आपल्या मनांतलें वाक्य भरतात. बादशहाची कन्या मागितल्याचें प्रसिद्ध उत्तर ग्रांट डफनें १८२६ त छापलें. खाफीखानाच्या कथनांत तें नाहीं. ता. ११ मार्च १६८९ रोजीं भीमातीरीं महाराजांचा वध झाला, पण वाद संपला नाहीं.

ही गोष्ट केवळ मोगलाईची नव्हे. जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक ग्रंथानें अनेकांचीं मनें दुखावलीं. कांहीं इतिहासज्ञांनीं २००३ त प्रकाशकांस पत्र लिहून आक्षेप कळविला. असा आक्षेप घेण्याचा हक्क निर्विवाद होय. प्रकाशकांनीं ग्रंथ परतहि घेतला. तथापि ता. ५ जानेवारी २००४ रोजीं जमावानें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत शिरून मोडतोड केली व त्यांत ग्रंथ आणि हस्तलिखितें यांची हानि झाली. सरकारनें घातलेली ग्रंथबंदी न्यायालयानें रद्द केली, व २०१० त सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला; फाटलेलीं पानें मात्र निकालानें सांधत नाहींत.

दुखावलेल्यानें बोलावें, लिहावें, पुराव्यानिशीं खोडून काढावें; परंतु बोलणाऱ्याची जीभ किंवा लिहिलेलें पान यांस हात लावूं नये. दप्तरें बाळगणाऱ्यांस आमची विनंति इतकीच कीं, नक्कल करतांना न रुचणारी ओळ गाळूं नये. ती जशीच्या तशी उतरावी, आणि आपला राग समासांत, आपल्या सहीनें, लिहावा.