इंद्रजाल : अर्ध्यावर तुटलेल्या गोष्टींचा शोध

आजचा भाग जुन्या कॉमिक्सबद्दल आहे. म्हणजे घरात ज्याला "तो पसारा रद्दीत दे आधी" असं म्हणतात, त्याबद्दल.

मार्च 1964. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया वाल्यांनी 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. पहिल्या अंकाची किंमत 60 पैसे. यामागे जी माणसं होती त्यात अनंत पै होते. हो, तेच ज्यांनी 1967 मध्ये बाहेर पडून 'अमर चित्र कथा' उभी केली. पहिले 32 अंक फक्त एकाच हिरोचे : ली फॉक यांचा फँटम. मूळ अमेरिकन वर्तमानपत्रांत तो 1936 पासून होता. मराठीत तो झाला 'वेताळ'.

आता गंमत बघा. आपल्याकडच्या पोरांना वेताळ आधीच माहीत होता. एक गावाच्या वेशीवरचा, शेंदूर फासलेला. दुसरा 'चांदोबा'तला, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा. चांदोबा मराठीत 1952 पासून येत होता. त्यात हा तिसरा आला, जांभळ्या कपड्यातला, बुरखा घातलेला! पण कुणीच गोंधळलं नाही. भारतीय आवृत्तीत त्याच्या देशाचं नावही बदललं : 'बंगाल'शी गल्लत नको म्हणून 'डेंकाली'. पुढे मांड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि 1976 मध्ये आबिद सुरतींचा आपला देशी बहादूर.

मी हे वाचलं शिरपूर जैनला. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात. गावात रेल्वे नाही, त्यामुळे पुस्तकं यायची ती एसटीनं, कुणाच्या तरी पिशवीतून. विकत घेणारे मोजके. बाकीचे आम्ही भाड्यानं वाचायचो. दुकानासमोरच्या ओट्यावर बसायचं, वाचायचं, परत द्यायचं. एका अंकावर पंधरा-वीस जणांचे हात फिरायचे. मुखपृष्ठ गेलं की दुकानदार जाड कागद शिवून लावायचा.

आणि आमच्या गावाला एक जादा फायदा होता. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला गुजरातेतून यात्रेकरू यायचे. त्यांची पोरं वाचून टाकलेले अंक धर्मशाळेत सोडून जायची. ते गुजराती इंद्रजाल! अक्षर कळायचं अर्धं, पण चित्रं तीच. मला पहिल्यांदा कळलं की ही गोष्ट कुठंतरी दूर एकदाच काढली जाते आणि मग वेगवेगळ्या बोलीत सुटते.

वाचणारा संग्राहक कधी होतो? माझ्या मते, गोष्ट अर्धी राहते तेव्हा. इंद्रजालमध्ये लांब कथा दोन अंकांत तोडायचे. पहिला भाग हाती लागायचा, दुसरा कुणीतरी आधीच नेलेला असायचा. कवटीच्या गुहेत वेताळ अडकलाय, आणि पुढं काय? काही नाही! वर्षानुवर्षं काही नाही! तुम्हाला पुढचा एपिसोड दहा सेकंदांत सुरू होतो, म्हणून हे सांगून पटायचं नाही.

मग नोकरी लागते, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर एक दिवस तो दुसरा भाग दिसतो, आणि माणूस गेला कामातून. आधी गोष्टी गोळा करतो, मग नंबर. वहीत यादी होते. इंद्रजालचे क्रमांक 805 पर्यंत जातात, पण अंक 803 च आहेत. 123 आणि 124 संपामुळे निघालेच नाहीत. नवे लोक ते दोन शोधत फिरतात, आणि जुने लोक, खरं सांगू, मुद्दाम सांगत नाहीत. शिवाय 443 नंतर नंबरच बंद झाले आणि 'वर्ष 20, अंक 1' अशी मोजणी आली. तिथं भल्याभल्यांच्या वह्या चुकतात. 1990 मध्ये मालिका संपली.

इतकं छापलं, मग मिळत का नाही? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात ढीगभर कॉमिक्स गेली, म्हणून उरलेली महाग झाली. 1938 चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक 10 सेंटचा, तो 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला. आपल्याकडं युद्धाची गरज नव्हती, दिवाळीची साफसफाई पुरेशी होती. किलोवर गेलं सगळं. उरलं ते भेळेच्या पुड्यात.

इंग्रजी अंकांना निदान शहरातली कपाटं मिळाली. मराठी अंक गावोगाव भाड्यानं झिजले. म्हणूनच मला फाटका, दुकानाचा शिक्का असलेला मराठी अंक कोऱ्या इंग्रजी अंकापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. बाजार उलटं म्हणतो. म्हणू दे. त्या शिक्क्यावर गावाचं नाव असतं, मागच्या पानावर पेन्सिलीनं तारखा असतात. मेहकरात, रिसोडात, मंगरुळात कोण काय वाचत होतं याची दुसरी नोंद कुठं आहे?

तर मालेगाव, रिसोड, वाशीमकडच्या मंडळींनो, दिवाळीआधी आजीची ट्रंक एकदा उघडा. काही सापडलं तर सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडतो आणि कागद खातो. पेन्सिलीच्या तारखा खोडू नका. आणि नुसता पहिला भाग सापडला, तर तोही जपून ठेवा. दुसरा भाग कदाचित माझ्याकडं असेल.