ओत्झीच्या बटव्यातली बुरशी

1991 साली ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. जग आता त्याला ओत्झी म्हणून ओळखतं. त्याच्या कमरेच्या बटव्यात गारगोटीच्या हत्यारांसोबत काळपट रंगाचा एक लगदा होता. बर्च-बीचच्या खोडांवर घोड्याच्या खुराच्या आकाराची अळंबी उगवते, तिचा तो गर. त्यात पायराइटचे कण अडकले होते. म्हणजे हा गडी ठिणगी झेलायची सोय बरोबर घेऊन फिरत होता.

या गराला युरोपात अमादू म्हणतात. वरचं टणक कवच सोलायचं, आतल्या तपकिरी थराचे पातळ काप करायचे, भिजवून ते कुटत आणि ताणत न्यायचे. हातात मऊ नमद्यासारखं कापड येतं. पेट घ्यायला हवा असेल तर ते सोऱ्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. जखमेचं रक्त थांबवायलाही ते लावत. 1827 मध्ये इंग्लंडात जॉन वॉकरने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या आणि हळूहळू अमादूचं मुख्य गिऱ्हाईक तुटलं. रोमानियातल्या कोरोंद गावात मात्र थोडी घरं अजून त्याच्या टोप्या करतात.

इथपर्यंत माणूस जंगलाने दिलेलं फळ, म्हणजे अळंबी, तोडून आणत होता. त्याखालच्या बुरशीच्या तंतूंच्या जाळ्याकडे कुणी वस्तू म्हणून फारसं पाहिलं नव्हतं. ते पाहिलं फिलिप रॉस या अमेरिकी कलावंताने. 1990च्या दशकात तो या जाळ्यापासून शिल्पं आणि विटा वाढवू लागला. धंद्याची चाल दिली ती एबन बायर आणि गॅव्हिन मॅकिन्टायर या इंजिनियरिंगच्या दोन विद्यार्थ्यांनी. बायर व्हरमाँटच्या शेतावर वाढलेला. लाकडाच्या ढलप्यांचे ढीग उपसताना त्या बुरशीने एकमेकींना घट्ट चिकटलेल्या त्याने पाहिल्या होत्या. 2007 मध्ये दोघांनी इकोव्हेटिव्ह ही कंपनी काढली.

कृती सोपी आहे. पिकाचा काडीकचरा वाफवून त्यात बुरशीचं बियाणं मिसळायचं आणि साच्यात भरायचं. काही दिवसांत तंतू कचरा खात, गुंतत, साच्याचा आकार धरतात. मग भट्टीत तापवून बुरशी मारायची, नाहीतर खोक्यातच छत्र्या फुटतील! गणपतीच्या मखरांमुळे आपल्या घराघरांत पोचलेल्या थर्माकोलची जागा घेऊ शकेल असा हलका ठोकळा तयार होतो. फरक एवढाच, की तो मोडून मातीत टाकला की कुजतो. 2014 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा सुमारे 10,000 विटांचा हाय-फाय हा मनोरा उभा राहिला आणि उन्हाळा सरल्यावर त्याचं खत झालं.

पुढे पैसा मात्र वळला तो कातड्याकडे. 2021 मध्ये हर्मेस या फॅशन कंपनीने रॉसच्या मायकोवर्क्स कंपनीबरोबर बुरशीच्या कातड्याची बॅग जाहीर केली, तेव्हा केवढा गाजावाजा झाला. मला हे वळणच चुकीचं वाटतं. बॅग दहा वर्षं टिकावी लागते, म्हणजे कुजणं हाच गुण तिथे दोष ठरतो. टीव्हीच्या खोक्यातला ठोकळा मात्र दुसऱ्या दिवशी कचऱ्यातच जायचा असतो. तिकडे कातड्याच्या धंद्यात, मायलो हे बुरशीचं कातडं करणाऱ्या बोल्ट थ्रेड्स कंपनीने 2023 मध्ये, पैसा उभा राहीना म्हणून, त्याचं उत्पादन थांबवलं.