घाटीचा जमाखर्च

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाच्या शेजारी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात उभी राहिलेली जी पानचक्की आजही औरंगाबाद शहराचे भूषण म्हणून प्रवाशांना दाखविली जाते, ती पाहताना बहुतेकांचे लक्ष दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्याच्या करामतीकडे जाते. परंतु त्या चक्कीमागे एक आर्थिक तजवीजही होती आणि ती मला पाण्याच्या खेळापेक्षा अधिक विचारणीय वाटते. दर्ग्यातील फकिरांना, तेथे विद्या शिकणाऱ्यांना आणि वाटसरूंना पीठ मिळावे हा तिचा हेतू, आणि दळणाची शक्ती झऱ्याच्या पाण्यातूनच मिळत असल्यामुळे तेवढ्यासाठी तरी कोणाच्या खजिन्यासमोर हात पसरावा लागत नसे. याच परिसरात आज मराठवाड्यातील सर्वांत मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे. कागदोपत्री त्याचे नाव शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. पण बैलगाडीच्या काळापासून रुग्णवाहिकेच्या काळापर्यंत लोकांनी त्याला ‘घाटी’ याखेरीज दुसरे नाव दिलेले नाही. हेतू दोहोंचा सारखाच, गरजवंताची सोय लावण्याचा; मात्र घाटीच्या निधीचा उगम डोंगरात नसून मुंबईच्या मंत्रालयात आहे, आणि तेथून येथवर येताना तो किती ठिकाणी अडतो, वळतो व झिरपतो, हाच या संस्थेच्या इतिहासाचा खरा विषय होय.

वैद्यकाचे शिक्षण देणारी रुग्णालये महाराष्ट्रात सर्वत्र एकाच रीतीने उभी राहिलेली नाहीत. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंचे दान आणि सरकारचा तेवढाच वाटा यांतून रुग्णालय उभे राहिले व १८४५ साली त्याला जोडून ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९२६ साली परळला शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांच्या देणगीवर महाविद्यालय आणि त्याच्या पाठीशी महापालिकेचे के.ई.एम. रुग्णालय उभे राहिले. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाचे रुग्णालय त्यांच्या औदार्याची साक्ष आजही देते. कापूस आणि चीनचा व्यापार यांत ज्या शहरांनी पैसा मिळविला, त्या शहरांतील धनिकांनी आपल्या कीर्तीसाठी म्हणा अथवा भूतदयेने म्हणा, त्यातला अंश आजाऱ्यांच्या खाटांवर ठेवला. निजामाच्या मुलखातील मराठवाड्यात असा धनिक वर्ग निर्माण होण्यास अवकाशच नव्हता. जमिनीचा मोठा भाग जहागिरी व इनामांत अडकलेला, व्यापार उदिमाची पेठ लहान, आणि जे काही धन गोळा होई त्याचा ओघ हैदराबादेकडे. सबब येथे रुग्णालय म्हणजे सरकारी खजिन्याची कृपा, हे समीकरण प्रारंभापासूनच ठरून गेले, आणि राज्ये बदलली तरी ते बदलले नाही.

खुद्द हैदराबादेत मात्र या बाबतीत एक मोठा प्रयोग झाला होता. १८४६ साली तेथे वैद्यकाची शाळा निघाली होती. पुढे १९१७ साली मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली, वैद्यक त्याच्या कक्षेत आले, आणि उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्याकरिता खास भाषांतर विभाग स्थापून शास्त्रीय ग्रंथ त्या भाषेत आणले गेले. १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरात अफझलगंजचे जुने रुग्णालय उद्ध्वस्त झाल्यानंतर नदीकाठीच उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. देशी भाषेतून शरीरशास्त्र शिकविण्याचे धैर्य त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातील विद्यापीठांना झाले नाही, ते एका संस्थानाने दाखविले याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु ज्या राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलत होती, त्या राज्यात ती देशी भाषा बहुतेकांच्या घरची नव्हती, हेही तितकेच खरे. परभणीच्या वा बीडच्या मुलाला वैद्य व्हावयाचे तर परक्या भाषेतून हैदराबादेत, नाहीतर दुसऱ्या परक्या भाषेतून मुंबईस, असे दोनच मार्ग होते. मुलींची तर गोष्टच बोलावयास नको.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, आणि पुढील आठ वर्षे मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहून आपल्या भवितव्याची वाट पाहत होता. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ व मराठवाडा यांना ज्या हमी देण्यात आल्या, त्यांत व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशाच्या न्याय्य सोयीचा स्पष्ट उल्लेख होता. औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय वैद्यक परिषदेचा नवा कायदा झाला, ज्याने देशातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या खाटा, अध्यापक व प्रयोगशाळा मोजण्याचा अधिकार दिल्लीतील एका मंडळाकडे सुपूर्द केला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि परीक्षा व पदव्या त्या विद्यापीठाकडे आल्या. याप्रमाणे अवघ्या अडीच वर्षांच्या आत एका संस्थेला तीन धनी लाभले: पैसा मुंबईचा, मोजमाप दिल्लीचे, पदवी औरंगाबादची. रुग्ण मात्र कोणाच्याच दफ्तरात बसत नव्हते. ते खेड्यांतून येत होते.

आपल्याकडे सार्वजनिक विद्यापीठाचे रुग्णालय असा शब्दप्रयोग केला, तर परदेशी वाचक विद्यापीठाच्या मालकीचे, विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातून चालणारे रुग्णालय समजेल. परंतु महाराष्ट्रात विद्यापीठाचा रुग्णालयाशी संबंध जवळजवळ परीक्षेपुरताच. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याकडे गेली, तेव्हा घाटीच्या वॉर्डात एक खाट इकडची तिकडे झाली नाही. बदलले ते पदवीच्या कागदावरील बोधचिन्ह. खरा फेरबदल त्यापूर्वीच, १९७० साली झाला होता. त्या वर्षी वैद्यकीय शिक्षण व संशोधन यांचे स्वतंत्र संचालनालय निर्माण होऊन शिकविणारी रुग्णालये एका दफ्तरात आणि जिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे दुसऱ्या दफ्तरात, अशी वाटणी झाली. कारभाराच्या दृष्टीने ती सयुक्तिक असेलही; पण आजारी माणूस प्राथमिक केंद्रातून घाटीपर्यंत जो प्रवास करतो, त्याच्या मधोमध ही सीमारेषा आखली गेली, आणि अलीकडचा पैसा पलीकडे जात नाही असा शिरस्ता पडला.

घाटीत मंजूर खाटा ११७७. हा आकडा अनेक वर्षे वृत्तपत्रांतून छापला जात आहे आणि त्याच्या जोडीला दाखल रुग्णांचा जो आकडा छापला जातो, तो जवळजवळ नेहमीच त्याहून मोठा असतो. जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून, बुलढाण्यातून, खानदेशच्या कडेवरून आणि नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांतून रुग्ण येतात. खाजगी दवाखान्यात पैसे संपल्यावर मध्यरात्री ‘घाटीत न्या’ असे सांगितले गेलेलेही त्यांत पुष्कळ. खाजगी रुग्णालयाच्या दारावर खाट रिकामी नाही एवढे वाक्य पुरेसे असते. घाटीला ते वाक्य उच्चारण्याची मुभा नाही. मग एका खाटेवर दोन बाळंतिणी, दोन खाटांच्या मधल्या फरशीवर गादी, आणि वऱ्हांड्यात सलाईनची बाटली धरून उभा असलेला नातेवाईक. वर्षाकाठी पंधरा हजारांहून अधिक बाळंतपणे ज्या प्रसूती विभागात होतात, तेथे मंजूर खाटांचा हिशेब लावून पाहिला असता, प्रत्येक बाळंतीण फार लवकर उठून घरी जाते असे धरल्याखेरीज गणित सुटत नाही.

येथेच या संस्थेच्या अर्थव्यवहारातील मूळ गाठ आहे. परिचारिकांची पदे, औषधांची तरतूद, स्वयंपाकघराचा शिधा, कपडे धुण्याचा खर्च, हे सारे मंजूर खाटांवर ठरते. प्रत्यक्षात आलेल्या रुग्णांवर नव्हे. वैद्यक परिषदेला आणि २०२० पासून तिच्या जागी आलेल्या राष्ट्रीय आयोगाला विद्यार्थ्यांच्या प्रमाणात पुरेशा खाटा भरलेल्या दिसल्या की समाधान होते. त्या दुपटीने भरल्या तर त्याबद्दल एखादी जास्तीची सिस्टर कोणी देत नाही. अध्यापकांची संख्या तपासणीच्या दिवशी पुरी दिसावी म्हणून राज्यातील एका शासकीय महाविद्यालयातून दुसऱ्यात तात्पुरत्या बदल्या करण्याची वहिवाट तर इतकी जुनी आहे की, तिचा उल्लेख करताना आता कोणी आवाजही खाली आणत नाही. शिक्षणासाठी रुग्णांची ही दाटी उपकारकच ठरते, असे काही अध्यापक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे: घाटीत तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून राबलेला तरुण जितके सर्पदंश, जितके विषप्राशन आणि जितके अडलेले बाळंतपण पाहतो, तितके श्रीमंत देशातील त्याचा समवयस्क आयुष्यभरातही पाहत नसेल. पण त्या तरुणाला मिळणारे विद्यावेतन आणि त्याच्याकडून घेतले जाणारे काम यांचा ताळेबंद मांडला, तर रुग्णालयाच्या जमाखर्चातील सर्वांत मोठी न नोंदलेली देणगी कोणाची, ते कळून येते. जमशेटजींच्या दानाचा शिलालेख होतो. निवासी डॉक्टरच्या जागरणाचा होत नाही.

खर्चाच्या बाजूला सिंहाचा वाटा वेतनाचा, आणि तो कोषागारातून नियमित निघतो. औषधे व शस्त्रक्रियेचे साहित्य यांची गोष्ट निराळी. तरतूद हप्त्याहप्त्याने येते, मार्चअखेर जवळ आली की खर्च करण्याची घाई होते, आणि मागील वर्षीची देयके थकलेला पुरवठादार नवी मागणी हाती घेण्यास कुरकुरतो. २०१७ साली राज्याने सर्व शासकीय रुग्णालयांची खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकत्र सोपविली. एकगठ्ठा खरेदीत भाव उतरेल हा विचार अगदीच चुकीचा नव्हता, पण मुंबईत निविदा निघेपर्यंत वॉर्डातील रुग्ण थांबत नाही, आणि स्थानिक खरेदीची मुभा तुटपुंजी. अखेर ते काम महामंडळाकडून काढून २०२३ मध्ये कायद्याने स्वतंत्र प्राधिकरणाकडे देण्यात आले. या साऱ्या उलाढालीचे घाटीच्या आवारातील दृश्य रूप म्हणजे बाहेरची चिठ्ठी: नातेवाइकाच्या हाती दिलेला कागदाचा चतकोर, जो घेऊन तो दरवाजासमोरच्या औषधांच्या दुकानांच्या रांगेकडे चालू लागतो. सरकारी अर्थसंकल्पात या खर्चाला लेखाशीर्ष नाही. तो रुग्णाच्या घरच्या शेळीत किंवा सावकाराच्या वहीत नोंदला जातो.

२०१२ पासून जीवनदायी आणि नंतर महात्मा फुले यांच्या नावाने चाललेल्या विमा योजनेने एक नवाच व्यवहार आणला. शिधापत्रिका दाखविणाऱ्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांचे पैसे योजनेतून रुग्णालयाला मिळू लागले, म्हणजे एका सरकारी संस्थेने दुसऱ्या सरकारी योजनेकडे बिल पाठवावे आणि मंजुरीची वाट पाहावी. यातून अडलेल्या साहित्याची सोय होते हे खरे. पण कागद पुरे नसलेला रुग्ण, अर्थात बहुधा सर्वांत गरीब, याच वाटेवर मागे राहतो.

इमारतींचे तसे नाही; त्या मिळतात. आमखास मैदानाजवळ २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय झाले. केंद्राच्या स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून दीडशे कोटींचे अतिविशेषोपचार संकुल आले, त्यातील एकशेवीस कोटी केंद्राचे व तीस कोटी राज्याचे. २०२० च्या महामारीत त्याच इमारतीचा मोठा आधार झाला. परंतु इमारतीचा खर्च एकदा करावयाचा असतो आणि तिच्या कोनशिलेवर नाव घालता येते; पदे दर महिन्याला पगार मागतात. सबब इमारत आधी आणि माणसे मागाहून, हा क्रम आपल्याकडे रूढ झाला. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, पाठोपाठ घाटीतील अठरा मृत्यूंची बातमी आली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा चर्चेत पुन्हा रिक्त पदे, औषधखरेदी आणि खाटांपेक्षा अधिक रुग्ण हेच विषय आले, जे या संस्थांच्या अधिष्ठात्यांच्या पत्रव्यवहारात वर्षानुवर्षे आलेले आहेत.

घाटीवरील भार हलका व्हावा म्हणून चिकलठाण्याला दोनशे खाटांचे जिल्हा सामान्य रुग्णालय उभारण्यात आले, ते सार्वजनिक आरोग्य विभागाचे. तोवर एवढ्या मोठ्या जिल्ह्याला स्वतंत्र जिल्हा रुग्णालय नव्हते. घाटीनेच ते काम केले होते. लोकांनी नव्या रुग्णालयाचे नाव लगेच ‘मिनी घाटी’ ठेवले, आणि मंत्रालयातील दोन विभागांची हद्द एका फटक्यात पुसून टाकली. मंत्रालयाने मात्र ती पुसलेली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले. तो निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नव्हता. तेव्हा चिकलठाण्याला ज्या रुग्णाचा केसपेपर फुकट निघतो, त्यालाच प्रकृती बिघडली म्हणून घाटीत पाठविले, की तेथील खिडकीवर नवा केसपेपर काढावा लागतो, आणि त्याचे पैसे मोजावे लागतात.